पोखर्णीत कळी पोखरतंय कोण?

फेब्रुवारी संपत आला की ऑफिसात दोन मेसेज फिरायला लागतात. एक अकाउंट्सचा, टॅक्स सेव्हिंगचे पुरावे जमा करा म्हणून. दुसरा मित्रमंडळींचा, ‘वीकेंडला कुठे?’ म्हणून. ताम्हिणी, दिवेआगर, झालंच तर महाबळेश्वर आणि स्ट्रॉबेरी विथ क्रीम... यंदा मी या यादीत कधीच नसलेलं एक नाव सुचवलं आणि ग्रुपवर एकदम शांतता पसरली. पोखर्णी!

कुठे आलं हे? परभणी जिल्ह्यात. परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलात की अठरा-वीस किलोमीटरवर. नृसिंहाचं जुनं हेमाडपंती देऊळ हीच गावाची ओळख. रेल्वे स्टेशनच्या नावातसुद्धा पोखर्णीला नृसिंह जोडलेला आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत. आमचंही. त्यामुळे घरात लग्न, मुंज, काहीही झालं की पोखर्णीची फेरी ठरलेली. यंदा मात्र माझा अजेंडा जरा वेगळा होता. वसंतातली फुलं बघायची आणि ती खातंय कोण, ते शोधायचं.

हसू नका. ज्यांच्या गॅलरीत मोगऱ्याची एक तरी कुंडी आहे त्यांना हे दुःख माहीत असेल. रोज सकाळी चहाचा कप घेऊन जावं, कळ्या मोजाव्यात, आणि उद्या उमलणार म्हणता म्हणता त्यातल्या निम्म्या जांभळट पडून गळून जाव्यात. मी एका नर्सरीत हे सांगितलं तर समोरच्याने प्रश्नसुद्धा न विचारता एक बाटली काउंटरवर ठेवली. “सगळ्या किडींवर चालतं, मॅडम.” सगळ्या म्हणजे कोणत्या? त्याला सांगता येईना. तापाचं कारण न विचारता गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. बाटली काउंटरवरच सोडून मी बाहेर पडले आणि परभणीच्या मावसभावाला फोन लावला.

आता गावाचं नाव पोखर्णी आणि आमचा शोध कळ्या पोखरणाऱ्यांचा, त्यामुळे ग्रुपवर जो पीजे यायचा तो आलाच. मला विचाराल तर या नावाचं नातं पुष्करिणीशी असावं. पुष्करिणी म्हणजे कमळांचं तळं. गावाच्या नावात फूल असेल, तर ते असं. अळी नको.

काट्यातली फुलं

मावसभाऊ परभणीच्याच कृषी विद्यापीठातून बीएस्सी अ‍ॅग्री झालेला. १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून हे सुरू झालं, २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. आपल्या खिशात असतात त्या गोष्टी त्याच्याही खिशात असतात, मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली, आणि वर एक छोटं घडीचं भिंग. सोनार वापरतात तसलं, दहापट मोठं दाखवणारं. मला आधी ते जरा शो-ऑफ वाटलं. दिवस संपेपर्यंत ते माझ्याच हातात होतं.

शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. काढून ठेवलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, काढणीला आलेला हरभरा, उभी ज्वारी. बांधावर मधूनच एखादा पळस पेटलेला. पान एक नाही, नुसतं केशरी. ‘वसंत’ म्हटलं की आपल्या डोक्यात ट्युलिप आणि चेरी ब्लॉसम येतं, त्याला हिंदी सिनेमांची गाणी जबाबदार आहेत. परभणीचा वसंत असा, धुळीच्या रस्त्यावर, सावली नसलेल्या झाडाखाली.

आणि करडई. एखादा तुकडा दिसला आणि भावाने गाडी थांबवली. करडईचं फूल मी आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिलं. उमलताना पिवळं, मग केशरी, वाळत चाललं की लालसर. खाली असे काटे की हात घालायची हिंमत होत नाही. मराठवाड्याचं हे हक्काचं तेलबी. विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’ आहे. पण गेल्या काही दशकांत करडईचं क्षेत्र खूप घटलं. काट्यांमुळे काढणीला माणसं तयार नसतात, हे त्याचं एक कारण. इकडे आपल्या शहरातल्या ऑरगॅनिक दुकानांत याच पाकळ्यांचा हर्बल टी मिळतो. फलटणच्या निंबकर संस्थेने तो लोकांपर्यंत नेला, आणि बिनकाट्याच्या करडईवरही तिथेच काम झालं.

शेतात एक काका बांधावर बसले होते. आम्ही फोटो काढतोय म्हटल्यावर उठून आले.

“फोटो काय काढायलाव? किडीनं खाल्लंय सगळं. ह्या पाहा अळ्या.”

त्यांनी दाखवलेली अळी खरंच भीतीदायक होती. काळपट करडी, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पाय. एखाद्या मगरीची मिनी एडिशन म्हणा. भावाने शेंडा हळूच वाकवला, भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं. “आधी शेंड्यावर बघ. मग अळी.”

शेंड्यावर काळे चकचकीत ठिपके गच्च बसले होते, टाचणीच्या डोक्याएवढे. हा मावा. देठात सोंड खुपसून रस पितो. मावा ओळखायला भिंगही लागत नाही. पान हाताला चिकट लागतं, त्यावर मुंग्यांची ये-जा असते आणि आजूबाजूला पांढरा भुगा पडलेला दिसतो. त्या भुग्यालाच पुष्कळ जण कीड समजतात. ती असते माव्याने टाकलेली कात. याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, म्हणून चार दिवसांपूर्वी चार असतात आणि आज शेंडा दिसेनासा होतो.

आणि ती मगर? तिच्याकडे आम्ही तिघं पाचेक मिनिटं बघत उभे राहिलो. ती माव्यांच्या गर्दीत शिरली, एक उचलला आणि खाऊन टाकला. मग दुसरा. फुलाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ही ढालकिड्याची अळी. आपण लहानपणी पकडायचो ना, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल किडा, तोच मोठेपणीचा. मोठा झालेला सगळ्यांना क्यूट वाटतो, लहानपणीच्या रूपाला मात्र चप्पल खावी लागते.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे मी औषध मारलं की ह्या बी मरत्याल.”

“ह्या आधी मरतात, काका. मावा परत येतो. ह्यांना परत यायला वेळ लागतो.”

काकांची करडई उशिरा पेरलेली होती. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी झाली तर थंडीतला मावा येईपर्यंत झाड जून होतं आणि बरंचसं वाचतं. यंदा पाऊस लांबला, वाफसा मिळाला नाही, ते म्हणाले. त्यावर आम्हा दोघांकडेही काही उत्तर नव्हतं.

मावशींची टोपली

पोखर्णीच्या देवळात गाभाऱ्याचं दार बुटकं आहे. ताठ मानेने आत जाता येत नाही, चांगलं वाकावं लागतं. लहानपणी मला त्या दाराची भीती वाटायची. उग्र देव, अंधार आणि पुढच्या माणसाचे तळवे. आता तिथे वाकल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास, तेलाचा, कापराचा आणि मोगऱ्याचा.

मोगरा बाहेर बसलेल्या एका मावशींचा होता. टोपलीत ओलं फडकं, त्यावर कळ्या. अजून हंगामाची सुरुवात, म्हणून फार नव्हत्या. टोपलीच्या एका कोपऱ्यात जांभळट कळ्यांची वेगळी ढिगुली होती. माझ्या गॅलरीतल्या कळ्यांसारख्याच! मी उत्साहात विचारलं, “मावशी, ह्या अशा कामून झाल्या?” (माझ्या ‘कामून’वर भाऊ हसला. पुण्यात राहून ते गंजलंय.)

“कीड हाय, माय. देवाला घालता येत नाई आन् गिऱ्हाईक घेत नाई.”

“कुठली कीड?”

“आता किडीचं नाव काय इचारतीस? कीड ती कीड.”

पण त्यांना उत्सुकता वाटली असावी. दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर त्या आम्हाला रानात घेऊन गेल्या. देवळापासून थोडं चालल्यावर विहिरीच्या कडेला मोगऱ्याच्या दोन ओळी, पलीकडे त्यांच्याच उपटलेल्या कापसाचं रान. कळ्या पहाटे तोडायच्या, हार करायचे, उरल्या तर परभणीला पाठवायच्या. दोन ओळींचं हे पीक, पण नगदी पैसा रोज हातात येतो तो याच्यातूनच. कापसाचा येतो वर्षातून एकदा, आणि तो आधीच कुणाचा तरी असतो.

भावाने मावशींना एकच प्रश्न विचारला. “डोमकळी माहीत आहे ना?”

डोमकळी! परभणी जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कापसाचं फूल उमलायचं सोडून पाकळ्या मिटून गुंडाळलेल्या गुलाबासारखं राहतं. ते उघडलं तर आत गुलाबी बोंडअळी. २००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं होतं. गुलाबी बोंडअळीने पुढे बीटीला जुमानलं नाही आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात, विदर्भात शेतंच्या शेतं हातची गेली. तेव्हापासून मिटलेलं फूल दिसलं की इथला माणूस ते तोडून उघडून बघतो. कुणी वर्कशॉप घेऊन शिकवलं असेल-नसेल, हातांना ती सवय लागली.

“हां, ते तर पोरं बी वळखतेत,” मावशी म्हणाल्या.

“मग तसंच. ह्या कळ्या उघडा.”

आम्ही तिघं विहिरीच्या काठावर बसलो. भावाने वहीचा कोरा कागद पसरला. नखाने कळी उभी चिरायची, आत बघायचं, ढीग करायचा. सुरुवातीला नुसता खेळ वाटला. दहा-बारा कळ्यांनंतर माझ्या लक्षात यायला लागलं की बाहेरून सारख्याच जांभळट दिसणाऱ्या या कळ्यांच्या आतल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

पहिल्या ढिगातल्या कळ्यांना बाजूला बारीक गोल भोक होतं, भोकाच्या तोंडाशी विष्ठेचा भुसा. काही ठिकाणी दोन-तीन कळ्या रेशमासारख्या धाग्याने एकमेकींना चिकटलेल्या. उघडली की आत काळ्या डोक्याची हिरवट अळी, आणि पाकळ्यांच्या जागी नुसता चोथा. ही कळी पोखरणारी अळी. एका कळीवर तिचं भागत नाही, ती शेजारच्या कळीत शिरते, म्हणून धाग्यांनी बांधलेला झुबका दिसला तर तो आख्खा खुडायचा. तिचा पतंग छोटा, पांढरा, पंखांवर काळसर नागमोडी रेघा. तो संध्याकाळनंतर फिरतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

दुसऱ्या ढिगातल्या कळ्यांना भोकच नव्हतं. कळी बुटकी राहिलेली, बुडाशी फुगलेली, रंग गुलाबी-जांभळा. चिरल्यावर मला आत काहीच दिसेना. भिंग लावलं तर बुडाशी पांढुरक्या, खसखशीच्या दाण्याहून जराशा लांबट अळ्या वळवळत होत्या. ही कळीमाशी. डासासारखी नाजूक माशी कळीत अंडी घालते, अळ्या आतल्या आत वाढतात आणि मोठ्या झाल्या की खाली मातीत जाऊन कोष करतात.

फरक कळतोय? पहिलीचा पुढचा मुक्काम शेजारच्या कळीत, दुसरीचा मातीत. पहिलीसाठी झुबके खुडायचे. दुसरीसाठी बिघडलेल्या आणि गळलेल्या कळ्या रोज वेचायच्या आणि झाडाखालची माती खुरप्याने हलवत राहायची, म्हणजे कोष उन्हात उघडे पडतात, मुंग्या आणि पाखरं ते खातात. दोन्ही शत्रू बंद कळीच्या आत बसलेले, त्यामुळे वरून मारलेल्या औषधाचा बराचसा भाग पोहोचतो तो पाकळीवर आणि कळी तोडणाऱ्या बोटांवर. किडीपर्यंत कमीच.

आणि तिसरा ढीग. याची मी अपेक्षाच केली नव्हती. आठ-दहा कळ्या अशा निघाल्या की आत कुणीच नाही. भोक नाही, अळी नाही, भिंगातूनही काही नाही. नुसत्या सुकलेल्या.

“पाण्याचा ताण,” भाऊ म्हणाला. “पाणी कधी देता?”

“लाईट असंल तवा. ह्या हप्त्यात रातच्याला येती. चार दिवस नाई जमलं तर नाई जमलं.”

म्हणजे मावशींच्या त्या ‘कीड’ नावाच्या ढिगुलीत तीन वेगळे गुन्हेगार होते आणि त्यातला एक वीज कंपनीच्या वेळापत्रकात राहत होता! त्याच्यावर कुठलीही बाटली चालत नाही. मावशी हे ऐकून इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मग गप्प झाल्या आणि तिसऱ्या ढिगातल्या कळ्या एकेक करून परत चिरून बघायला लागल्या, खात्री करून घेतल्यासारख्या.

“सगळ्यावर चालतं”

मावशींच्या घरीही एक बाटली होती. गोठ्याच्या आढ्याला, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून टांगलेली. कापसाला आणलेली, अर्धी उरलेली. लेबल ओलं होऊन फाटलं होतं, पण चौकोनाच्या खालच्या भागातला रंग दिसत होता. पिवळा. तुम्ही हे कधी पाहिलंय का? प्रत्येक कीटकनाशकावर चौकोन असतो आणि त्याच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. शॅम्पूच्या बाटलीवरचे इन्ग्रेडियंट्स वाचणाऱ्या आपल्या पिढीने हा एवढा एक रंग बघायला हरकत नाही.

“दुकानदार म्हनला, मोगऱ्याला बी चालतंय,” मावशी म्हणाल्या. “पर मी मारू देत नाई.”

कारण सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा भर दुपारी कापसावर फवारून आला आणि रात्रभर उलट्या करत राहिला. डोळे बारीक, अंगाला घाम, बोलणं अडखळत. पहाटे गाडी करून परभणीला नेला. वाचला.

सगळे वाचत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात होते. माणसाच्या डोक्यावरून गेलेला कापूस, वर धरलेली फवारणी, तोंडावर साधा रुमाल, एकात एक मिसळलेली औषधं... बातम्या तेव्हा आपण सगळ्यांनीच वाचल्या. यवतमाळ परभणीपासून फार लांब नाही. इथल्या माणसांनी त्या बातम्या वेगळ्या वाचल्या असणार.

म्हणून मला ‘सगळ्यावर चालतं’ या वाक्याचा राग येतो. ते वाक्य फुकट मिळतं, त्याची किंमत पुढे कुणीतरी भरतं. आणि मोगरा ही काही टोमॅटोसारखी धुऊन खायची वस्तू नव्हे. तो केसांत माळतात, नाकाशी धरतात, रात्रभर उशाशी ठेवतात. पहाटे उघड्या बोटांनी तो तोडणारी मावशी तर सगळ्यांच्या आधी.

यावर भावाने सुचवलेला उपाय अगदीच ग्लॅमरस नाही. निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गाळायचा आणि पाणी घालून शंभर लिटर करायचा. कुंडीवाल्यांनी लिटरला पन्नास ग्रॅम धरायचे. पोखर्णीच्या आसपास कडुनिंबाला तोटा नाही. हा अर्क अळीला जागच्या जागी मारत नाही, तिचं खाणं आणि वाढ बिघडवतो, पतंगाला तिथे अंडी घालू देत नाही. चमत्काराची अपेक्षा असेल तर निराश व्हाल. शिवाय उन्हात त्याचा असर लवकर जातो, म्हणून फवारायचा तो दिवस कलल्यावर. त्या वेळेपर्यंत मधमाशाही घरी गेलेल्या असतात.

“तिन्हीसांजेला,” मावशी म्हणाल्या. “देवाच्या टायमाला.”

मला एक क्षण लागला. नृसिंहाची गोष्ट आठवा. हिरण्यकशिपूला वर होता, दिवसा मरण नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, अस्त्राने नाही, शस्त्राने नाही. मग देवाने वेळ निवडली तिन्हीसांजेची, जागा उंबरठ्याची आणि हत्यार नखांचं. मावशी बोलता बोलता अळीचे झुबके नखाने खुडून मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकत होत्या. भावाने तेवढ्यात “बघ, बिनाशस्त्राचं!” म्हणून घेतलं. त्याला हे सुचलं याचा मला थोडा हेवा वाटला.

गॅलरीवाल्यांसाठी

मोगऱ्यापुरतं झालं. बाकीच्यांसाठी, भावाने परतीच्या वाटेवर जे सांगितलं ते भरभर सांगते.

गुलाबाची कळी अर्धवट उमलते, पाकळ्यांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात? खाली पांढरा कागद धरा आणि फुलाला टिचकी मारा. कागदावर धाग्याच्या तुकड्यासारखं पिवळसर काहीतरी पळायला लागलं तर ते फुलकिडे. निळा चिकट सापळा टांगा, ते निळ्यावर येतात. मावा आणि पांढरी माशी येते पिवळ्यावर. कागदावर काहीच पडलं नाही तर कुंडीच्या मातीत बोट घालून बघा. तिसरा ढीग आठवतोय ना?

जास्वंदीच्या कळ्यांवर कापूस दिसतो तो पिठ्या ढेकूण. आधी मुंग्यांची वाट शोधा. मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुसून काढा, फार झालं असेल तर फांदीच छाटा. यातल्याच पपईवरच्या एका जातीने २००८ मध्ये कोइमतूरकडून शिरकाव करून देशभर धुमाकूळ घातला होता. औषधांना ती पुरून उरली. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या परजीवी माश्यांनी तिला आवरलं. बाटलीवाल्यांना न जमलेलं काम एवढुशा माशीने केलं, ही माझी गेल्या महिन्यातली फेव्हरिट स्टोरी आहे.

गावी आंब्याचं झाड असेल आणि मोहोराखाली उभं राहिल्यावर बारीक पावसासारखा आवाज आला, पानं चिकट होऊन पुढे काळी पडली, तर तुडतुडे. फांदी हलवली की पाचरीच्या आकाराचे किडे तुडतुड उड्या मारतात, नाव त्यावरूनच. मोठ्या झाडाचं काम स्वतः करू नका, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फांदी घेऊन जा.

जायचंय?

मुंबईहून आणि पुण्याहून परभणीला थेट रेल्वे आहे. परभणी-परळी मार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्वतंत्र स्टेशन आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. त्यापेक्षा परभणीहून गंगाखेडकडे जाणारी एसटी किंवा गाडी सोयीची. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव, गोदावरीच्या काठी. एका दिवसात दोन्ही होतं. राहायची सोय परभणीतच बघा, पोखर्णीत रिसॉर्ट वगैरे शोधू नका.

करडई बघायची असेल तर जानेवारी ते फेब्रुवारी. पळस होळीपर्यंत. मोगऱ्याचा खरा बहर एप्रिल-मेत, पण तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो आणि अळीचाही जोर असतो. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती, त्या दिवशी गर्दीची तयारी ठेवा. बरोबर टोपी, पाण्याची बाटली, एक भिंग आणि कोरा कागद. आणि रात्रीच परभणीत मुक्काम करून पहाटे निघा. उजाडायच्या आत पोहोचलात तर मोगरा तोडताना बघायला मिळतो. आठ वाजता गेलात तर फक्त हार मिळतील, आणि टोपलीच्या कोपऱ्यातली ढिगुली. ती मागितली तर मावशी फुकट देतात, मात्र चिरून बघायची असेल तर त्यांच्यासमोरच, कारण आता आत काय निघतं ते त्यांनाही बघायचं असतं.